निम्न माध्यमिक स्तरावरील विद्यार्थी–पात्र शिक्षक प्रमाण: देशादेशांची तुलना कशी करावी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. पदव्युत्तर प्रबंधासाठी आपण भारत, बांगलादेश, केनिया, जपान आणि फिनलंड हे पाच देश निवडले आहेत. निम्न माध्यमिक स्तरावर एका पात्र शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, याचे आकडे वेगवेगळ्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळांवरून गोळा करून आपण चढत्या क्रमाने तक्ता केला आहे, आणि ज्याचा आकडा सर्वांत लहान त्या देशाची व्यवस्था सर्वांत चांगली असे म्हणता येईल का, असे विचारले आहे. भारतासाठी कोणत्या इयत्ता धरायच्या आणि खासगी शाळा मोजायच्या की वगळायच्या, या आणखी दोन शंका आपण मांडल्या आहेत.

तक्ता ठेवा, क्रम काढून टाका, हे माझे थोडक्यात उत्तर. शालेय आकडेवारीवर काम करताना या एका प्रमाणाचा जितका चुकीचा वापर मी पाहिला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा पाहिला असेल. त्याचे कारण आकडे खोटे असतात असे नाही. या अपूर्णांकाच्या वर पटावरचे विद्यार्थी असतात आणि ते सगळीकडे साधारण एकाच रीतीने मोजले जातात, पण खालचे ‘पात्र शिक्षक’ कोण हे प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा ठरवतो. शाश्वत विकास उद्दिष्टांमधील ४.सी.४ हा सूचक नेमका हाच आहे आणि त्याच्या व्याख्येतच पात्रता राष्ट्रीय निकषांनुसार धरावी असे म्हटले आहे. म्हणजे आपल्या तक्त्यातील पाच आकडे पाच वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. त्यांतून प्रत्येक देश स्वतःच्या नियमाच्या किती जवळ आहे हे कळते, पण कोणाचा नियम किती कडक आहे हे कळत नाही.

आधी अंकगणित मांडतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. साध्या विद्यार्थी–शिक्षक प्रमाणाला पात्र शिक्षकांच्या हिश्श्याने भागले की विद्यार्थी–पात्र शिक्षक प्रमाण मिळते. समजा एका देशात एका शिक्षकामागे २० विद्यार्थी आहेत, पण निम्मेच शिक्षक पात्र आहेत. तेथे उत्तर ४० येते. दुसऱ्या देशात एका शिक्षकामागे ३८ विद्यार्थी आहेत आणि ९५ टक्के शिक्षक पात्र आहेत. तेथेही उत्तर ४० येते. तक्त्यात हे दोन्ही देश शेजारी शेजारी बसतील. प्रत्यक्षात पहिल्या देशाला नवी भरती फारशी नको आहे, असलेल्या शिक्षकांना सेवेत ठेवून प्रशिक्षण द्यायला हवे आहे. दुसऱ्याला मात्र नवी पदे मंजूर करावी लागतील, वेतनाची तरतूद करावी लागेल आणि बहुधा वर्गखोल्याही बांधाव्या लागतील. दोन्हींचा खर्च वेगळा, लागणारा काळ वेगळा आणि जबाबदार खातेही वेगळे. म्हणून एकच आकडा कधीही देऊ नका. साधे विद्यार्थी–शिक्षक प्रमाण आणि विद्यार्थी–पात्र शिक्षक प्रमाण शेजारी शेजारी लिहा आणि दोहोंमधील अंतर वाचा. माझ्या मते या सूचकात तुलनेसाठी जे काही खरोखर उपयोगी आहे ते या अंतरात आहे.

आता इयत्तांचा प्रश्न. आयएससीईडी या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा दुसरा स्तर म्हणजे निम्न माध्यमिक, आणि भारतासाठी त्यात सहावी ते आठवी हे वर्ग येतात. नववी आणि दहावी पुढच्या स्तरात जातात. महाराष्ट्रातील वाचकाला हे खटकते, कारण आपल्याकडे माध्यमिक शाळा म्हटले की पाचवी किंवा आठवी ते दहावी असेच डोळ्यांसमोर येते; तरीही आंतरराष्ट्रीय तुलना करायची तर सहावी ते आठवीच धरा आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिहा. बांगलादेशातही हेच वर्ग येतात आणि मुलांचे वय साधारण ११ ते १३ असते. जपानमध्ये हा स्तर १२ ते १४ वयाचा आहे, तर फिनलंडमध्ये सातवी ते नववी, म्हणजे १३ ते १५ वयाचा. दोन वर्षांचा हा फरक क्षुल्लक नाही, कारण जितके वरचे वर्ग तितके विषयवार शिक्षक जास्त लागतात आणि प्रमाण आपोआप खाली येते.

पात्रतेच्या नियमांकडे वळू. फिनलंडमध्ये सातवी ते नववीला शिकवणाऱ्या विषयशिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी लागते आणि तिच्यात ६० श्रेयांकांचे अध्यापनशास्त्र असावे लागते. भारतात राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनुसार सहावी ते आठवीसाठी मुख्यतः पदवी, तिच्या जोडीला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) किंवा बी.एड., आणि वर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक आहे. बांगलादेशातील बहुसंख्य माध्यमिक शाळा बिगर-सरकारी आहेत, पण त्यांतील शिक्षकांना सरकारकडून ‘मासिक वेतन आदेशा’खाली पगार मिळतो, आपल्या अनुदानित शाळांचाच हा चुलतभाऊ. तेथे पदवीधर उमेदवार शिक्षक नोंदणी प्राधिकरणाची परीक्षा देऊन नोकरीला लागतो आणि बी.एड. अनेकदा नंतर करतो, ते झाले की वरची वेतनश्रेणी मिळते. परिणाम असा, की शैक्षणिक पदवीच्या निकषावर हा शिक्षक पहिल्या दिवसापासून पात्र ठरतो, पण प्रशिक्षणाच्या निकषावर तो कित्येक वर्षे बाहेर राहतो. युनेस्कोच्या आकडेवारीत ‘पात्र’ आणि ‘प्रशिक्षित’ शिक्षकांचे सूचक वेगवेगळे आहेत ते याचसाठी, आणि त्यांची सरमिसळ हा मला प्रबंधांमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष आहे. आपल्या तक्त्यातील बांगलादेशाचा आकडा कोणत्या रकान्यातून घेतला आहे, हे कृपया पुन्हा तपासा.

केनियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे जुन्या ८-४-४ पद्धतीत (आठ वर्षे प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) सातवी आणि आठवी प्राथमिक शाळेतच असे आणि त्या वर्गांना प्राथमिक शिक्षकाचे पी-१ प्रमाणपत्र असलेले शिक्षक शिकवत. नव्या अभ्यासक्रमात सातवी ते नववी हा वेगळा टप्पा झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली तुकडी सुरू झाली. वर्ग बहुतांशी जुन्याच प्राथमिक शाळांच्या आवारात भरतात, पण शिक्षकासाठी आता माध्यमिक स्तराची पदविका किंवा पदवी अपेक्षित आहे. त्याच गावातील त्याच वयाच्या मुलांसाठी पात्र शिक्षक कोण, याचे उत्तर एका शैक्षणिक वर्षात बदलले. अशा देशाची २०२२ पर्यंतची आणि नंतरची आकडेवारी एकाच रेषेने जोडून आलेख काढला, तर त्या रेषेला काहीही अर्थ राहत नाही. तेथे रेषा तोडावी आणि तळटीप द्यावी.

आपल्याकडेही पात्रतेची रेघ हलतच असते. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ साली दुरुस्ती करून सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत अर्हता मिळवण्याची मुदत दिली गेली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी दूरशिक्षणातून डी.एल.एड.चा अभ्यासक्रम चालवला. अर्हताधारकांची संख्या कागदावर त्या काळात वाढली; दीड वर्षाच्या दूरशिक्षणाने वर्गातील अध्यापन किती बदलले, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझे त्याबाबतचे मत फारसे अनुकूल नाही. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात असा निर्णय दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. निकालाच्या दिवशी राज्यातील एकाही वर्गात कोणी आले नाही की गेले नाही, पण ‘पात्र’ या रकान्यात कोणाला धरायचे हे मात्र वादात सापडले. कोणत्या तारखेचा निकष धरला हे न सांगता भारताचा आकडा देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यापुढचा अडथळा शिक्षक मोजण्याचा आहे, आणि तो परदेशांची माहिती काढण्याआधी आपल्या शेजारच्या शाळेत समजून घेणे सोपे जाते. पाचवी-सहावीपासून दहावीपर्यंतच्या शाळांची वेळापत्रके मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतील नेहमीचे चित्र सोप्या आकड्यांत मांडतो. सहावी, सातवी आणि आठवीची प्रत्येकी एक तुकडी, दर तुकडीत ६० मुले, म्हणजे एकूण १८०. नववी आणि दहावीच्या मिळून चार तुकड्या. प्रत्येक तुकडीला आठवड्याला ४८ तासिका आणि शाळेत १२ शिक्षक, प्रत्येकाकडे २८ तासिका. यांतील नऊ शिक्षक सहावी ते आठवीच्या वर्गांवर कमी-अधिक प्रमाणात जातात. गणिताच्या बाई सकाळी सहावीला अपूर्णांक शिकवून दुपारी दहावीचे बीजगणित घेतात. आता सहावी ते आठवीचे प्रमाण किती? डोकी मोजली तर १८० भागिले ९, म्हणजे २०. ज्यांचा मुख्य वर्ग या गटात आहे असे चारच शिक्षक धरले तर ४५. आणि तासिकांच्या हिशोबाने पाहिले तर या गटाच्या १४४ तासिकांना पाच शिक्षकांहून किंचित अधिक मनुष्यबळ लागते, म्हणून उत्तर ३५. शाळा तीच, मुले तीच, शिक्षक तेच. आकडे मात्र २०, ३५ आणि ४५. त्या नऊपैकी दोघे तासिका तत्त्वावरचे असून त्यांचे बी.एड. झालेले नसेल, तर पात्र शिक्षकांचे डोकीवार प्रमाण २० वरून २६ च्या आसपास जाते. म्हणजे पात्रतेमुळे पडणारा फरक मोजण्याच्या पद्धतीमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा लहान आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की युनेस्कोची सांख्यिकी संस्था या प्रमाणासाठी शिक्षकांची डोकी मोजते, तर ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना पूर्णवेळ समतुल्य पद्धतीने, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाला अर्धाच धरून, मोजते. जपान आणि फिनलंडचे आकडे ओईसीडीकडून आणि बाकी तिघांचे युनेस्कोकडून घेतले असतील, आणि आपल्या वर्णनावरून तसे वाटते, तर तो तक्ता मुळातच जुळत नाही. पाचही देशांसाठी एकच स्रोत घ्या. एखाद्या देशाचा आकडा त्या स्रोतात नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. रिकाम्या रकान्यामुळे परीक्षक गुण कापत नाहीत, दुसरीकडून आणून चिकटवलेल्या आकड्यामुळे मात्र कापू शकतात.

वरच्या उदाहरणातून आणखी एक सूत्र हाती लागते. तुकडीतील पट गुणिले शिक्षकाच्या तासिका भागिले तुकडीच्या तासिका, म्हणजे ६० गुणिले २८ भागिले ४८, बरोबर ३५. विद्यार्थी–शिक्षक प्रमाण हे वर्गातील गर्दीचे माप नव्हे, हे या सूत्रामुळे स्पष्ट होते. जपानमध्ये या स्तरावर एका शिक्षकामागे सुमारे १३ विद्यार्थी आहेत, पण वर्गात सरासरी ३२ बसतात, आणि ही वर्गसंख्या ओईसीडीच्या सुमारे २३ या सरासरीच्या बरीच वर आहे. तक्त्यात १३ पाहून जपानी वर्ग रिकामे असतात असे वाचकाने समजले तर दोष वाचकाचा नाही. तेथील शिक्षकाचा फार थोडा वेळ प्रत्यक्ष वर्गात जातो. ओईसीडीच्या २०१८ च्या शिक्षक सर्वेक्षणात जपानच्या निम्न माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याला ५६ तास काम सांगितले, सहभागी देशांत सर्वाधिक, पण त्यांतील अध्यापनाचे तास १८ होते. उरलेला वेळ क्रीडा आणि इतर मंडळे, कार्यालयीन कामे, तयारी यांत जातो. शिवाय जोडीने शिकवणारे आणि स्वतःचा वर्ग नसलेले शिक्षकही भाजकात येतात. प्रमाण कमी म्हणून शिक्षकाचे ओझे कमी, हा निष्कर्षही त्यामुळे टिकत नाही.

अंशाकडेही एकदा पाहावे लागते. भारतात यूडायस प्लस या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीने २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजेऐवजी विद्यार्थीनिहाय नोंद घ्यायला सुरुवात केली आणि एकूण पट आदल्या वर्षीच्या २६ कोटींच्या वरून सुमारे २५ कोटींवर आला. दुबार नावे गळाल्याचा त्यात वाटा आहे, आणि मंत्रालयानेही ही आकडेवारी आधीच्या वर्षांशी थेट ताडून पाहू नये असे म्हटले आहे. अंश घटला की प्रमाण सुधारते, एकही शिक्षक न नेमता. २०२४-२५ च्या अहवालानुसार सहावी ते आठवीच्या टप्प्यावर देशात एका शिक्षकामागे १७ विद्यार्थी आहेत. शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा ३५ आहे, म्हणजे सरासरी पाहता आपण उत्तम स्थितीत आहोत. त्याच अहवालात देशात एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळा आहेत. त्यांतील बहुतेक प्राथमिक असल्या तरी शिक्षकांचे वाटप किती विषम आहे याची कल्पना त्यावरून येते.

सरासरी कशी फसवते हे दोन शाळांवरून पाहा. वाडीवरच्या शाळेत १० मुले आणि दोन शिक्षक, तर शहराच्या कडेला वाढलेल्या वस्तीतील शाळेत ३०० मुले आणि पाच शिक्षक. एकत्रित प्रमाण ४४ येते. दोन शाळांच्या प्रमाणांची सरासरी काढली तर साडेबत्तीस, म्हणजे कायद्याच्या मर्यादेत. पण एखाद्या मुलाला विचारले की तुझ्या शाळेत एका शिक्षकामागे किती मुले आहेत, तर सरासरी उत्तर ५८ येईल, कारण जवळपास सगळी मुले दुसऱ्या शाळेत आहेत. शक्य असेल तेथे जिल्हा किंवा शाळा पातळीची आकडेवारी घेऊन मुलांच्या संख्येने भारित सरासरी द्या. पाचही देशांसाठी ती मिळणार नाही; भारतापुरती दिली तरी प्रबंधाचे वजन वाढेल.

या स्तरावरची सर्वांत मोठी उणीव मात्र कोणत्याच प्रमाणात दिसत नाही, आणि ती विषयाची आहे. सहावीनंतर मुलांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे निदान एकेक शिक्षक हवेत, असे आपला शिक्षण हक्क कायदाही सांगतो. मराठी विषय घेऊन बी.ए., बी.एड. आणि टीईटी झालेला शिक्षक सहावी-सातवीचे गणित शिकवत असेल, तर आकडेवारीत तो पूर्ण पात्र असतो. जागतिक पातळीवर २०३० पर्यंत ४ कोटी ४० लाख शिक्षक आणखी लागतील असा युनेस्कोचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतांश माध्यमिक स्तरासाठी आहेत. त्या गरजेतही गणित-विज्ञानाची टंचाई वेगळी मोजल्याशिवाय कळत नाही. आपल्याला वेळ असेल तर निदान एका जिल्ह्यातील दहा-बारा शाळांचे वेळापत्रक मागवा आणि गणिताच्या तासिका कोण घेते एवढेच पाहा.

मी आपल्या जागी असतो तर पुढीलप्रमाणे काम केले असते. फिनलंड तुलनेतून वगळले असते, किंवा निकष किती उंच असू शकतो हे दाखवण्यापुरते ठेवले असते. भारत आणि बांगलादेश ही मुख्य जोडी केली असती, कारण वयोगट सारखा, शाळांची रचना जवळची, आणि नोकरीआधी प्रशिक्षण की नोकरीनंतर, हा फरक मात्र स्पष्ट आहे. केनिया नियम बदलल्याचे उदाहरण म्हणून आणि जपान प्रमाण व वर्गसंख्या यांतील फरकासाठी घेतले असते. प्रत्येक देशासमोर किमान पदवी, प्रशिक्षणाचा कालावधी, परीक्षा आणि निकष लागू झाल्याचे वर्ष असे चार रकाने आधी भरून मगच प्रमाणे लिहिली असती. हे वर्णन एकाच साच्यात करण्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने स्वीकारलेले आयएससीईडी-टी हे शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्गीकरण उपयोगी पडते. एखाद्या देशातील दोन प्रमाणांमधील अंतर पाच-सात वर्षांत कमी झाले असेल, तर ते शिक्षक शिकले म्हणून, अपात्र शिक्षक गेले म्हणून, की निकषच सैल झाला म्हणून, हे त्या चार रकान्यांवरून सांगता यायला हवे.

खासगी शाळांविषयी: त्या धराच, कारण युनेस्कोचे आकडे सरकारी आणि खासगी दोन्ही मिळून असतात आणि एकट्या भारतासाठी त्या वगळल्या तर तुलना पुन्हा बिघडेल. मात्र शक्य असेल तर भारताचा आकडा सरकारी व स्थानिक संस्थांच्या, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तीन ओळींत फोडून दाखवा. विनाअनुदानित शाळांत शिक्षक वर्षाच्या मध्यात बदलतात, आणि यूडायसचा अर्ज भरला त्या दिवशी हजर असलेला शिक्षक मार्चमध्ये तेथे असेलच असे नाही. त्या ओळीखाली माहिती कोणत्या तारखेची आहे ते लिहायला विसरू नका.